गुरांच्या वाहतूकबंदीवरील आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लम्पी या गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाच्या साथीतील वाहतूकबंदीचे मी लेखात समर्थन केले, त्यावर आपण लिहिता की हा रोग माशा, डास आणि गोचिडांमुळे पसरतो. मग आंबा घाटात टेम्पो अडवून गरीब शेतकऱ्याचा व्यवहार मोडण्यापलीकडे काय साधले? शेतकऱ्याचा व्यवहार मोडला हे मला मान्य आहे, बंदीने काही साधले नाही हे मान्य नाही.

चावणारी माशी सहसा काही किलोमीटरच्या टप्प्यातच रोग नेते. घाटावरच्या बाजारातला रोग एका रात्रीत कोकणातल्या लांज्याच्या गोठ्यात येतो तो टेम्पोतून, आणि तोही अंगावर अजून एकही गाठ न उठलेल्या जनावराबरोबर. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताचे निदान २० फेब्रुवारीला झाले आणि २३ तारखेला वाहतूक थांबवली गेली, पण तोवर बाजारांतून गेलेल्या मेंढ्यांनी तो दूरदूर पोहोचवला होता. पुढे साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. रोग वेगळा असला तरी बाजार आणि वाहन यांचा वाटा तोच.

खर्चाची बाजू मात्र माझ्या लेखात अपुरी राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यभर बंदी आली, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी लावणी आटोपल्यावर विकायला काढलेली बैलजोडी दावणीलाच राहिली आणि घेतलेला विसार त्यांना परत करावा लागला. रोज सकाळी ते बैलांच्या मानेवरून, पोटाखालून हात फिरवून गाठ लागते का ते पाहत, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करत; नव्या पेंढ्याची उडवी संक्रांतीलाच निम्म्यावर आली. लम्पीने दगावलेल्या बैलामागे सरकारने २५,००० रुपये दिले, पण धडधाकट राहून न विकल्या गेलेल्या बैलाच्या वैरणीचा विचार कुठेच झाला नाही. फायदा साऱ्या तालुक्याला आणि भुर्दंड ज्याची विक्री त्या महिन्यात अडली त्याला, ही वाटणी अन्यायाची आहे.

लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि तेवढा अवधी मिळवून देणे हेच बंदीचे खरे काम. ते दिवस उलटले की फायदा घटत जातो, वैरणीचा खर्च मात्र चालूच राहतो. म्हणून कानात बिल्ला असलेल्या, लस टोचून २८ दिवस झालेल्या आणि बाधित क्षेत्राबाहेरच्या जनावराला पशुवैद्यकाच्या दाखल्यावर घाट ओलांडू द्यावा, असे माझे मत आहे. गुरांचे बाजार मात्र सर्वांत शेवटी उघडावेत, कारण तिथे दहा गावांची गुरे एकाच दावणीला येतात.