आत्याची बीपीची गोळी बंद पाडणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘विस्मरण कधीच होणार नाही, फक्त ७ नियम’ हा मेसेज ठाण्यातल्या किती ग्रुपांवर फिरतोय देव जाणे. मला तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, तेव्हा सोडून दिला. मग नौपाड्याच्या आत्याकडून आला, खाली ‘हे पटतंय गं मला’ असं लिहून. तिच्याकडे गेले आणि गोळ्यांची डबी उघडली. वारांचे कप्पे असलेली ती प्लास्टिकची डबी. कॅल्शियम घेतलेलं, ॲसिडिटीची घेतलेली, आणि बीपीची बारीक पांढरी गोळी प्रत्येक कप्प्यात जशीच्या तशी. विचारलं तर म्हणाली, “मेंदू सुकतो म्हणे त्याने.”

ज्यांना तो मेसेज अजून आला नसेल (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. बीपी-शुगरच्या गोळ्या मेंदू सुकवतात, बंद करा. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मेंदू खातात. रोज दोन चमचे खोबरेल तेल प्या. कानाचं मशीन लावू नका, कान आळशी होतो. अल्युमिनियमची भांडी फेका. शब्दकोडं सोडवा. विसरायला व्हायला लागलं तर डॉक्टरकडे न जाता खालच्या नंबरवर काढा मागवा. वर ‘एका नामांकित न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला’. इतका नामांकित की नावच दिलेलं नाही.

‘बीपीच्या गोळीने मेंदूला रक्त कमी पडतं’

सगळ्यात घातक मुद्दा हाच, त्यामुळे याच्यावरच जास्त बोलते. मेसेजचं म्हणणं असं की वय वाढलं की मेंदूला रक्त पोहोचवायला प्रेशर जास्तच लागतं, गोळीने ते कमी केलं की मेंदू उपाशी राहतो. ऐकायला किती सोपं! पण सोसायटीचा पंप दुप्पट जोराने सोडला म्हणून सातव्या मजल्यावर पाणी चांगलं येत राहत नाही, आधी जुने पाइप जातात. मेंदूच्या आतल्या भागातल्या रक्तवाहिन्या अगदी बारीक असतात. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने त्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते, आणि मग खरोखरच रक्त कमी पडतं. छोटे छोटे झटके येऊन जातात. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, घरात कोणाला पत्ता लागत नाही. एमआरआय केला तरच डाग दिसतात. असे डाग साठत गेले की हिशेब जमेनासा होतो, पोळ्या करण्याचा क्रम चुकतो, चाल मंदावते. याला व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात, म्हणजे रक्तवाहिन्या खराब झाल्याने होणारा स्मृतिभ्रंश, आणि अल्झायमर असलेल्या बऱ्याच जणांच्या मेंदूतही हे नुकसान सोबत असतंच.

म्हणजे मेंदू सुकतो तो बीपीने. मेसेजने आरोपी आणि पोलिस यांची अदलाबदल केली आहे.

पुरावा? चीनच्या खेड्यांत ३२६ गावांतल्या जवळपास ३४,००० लोकांवर प्रयोग झाला. सगळे चाळिशीच्या पुढचे, बीपी आटोक्यात नसलेले. काही गावांत गावपातळीवरच्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी गोळ्या देऊन, डोस वाढवून, घरी बीपी मोजायला शिकवून ते १३०/८० च्या खाली आणायचा प्रयत्न केला. बाकीच्या गावांत नेहमीचे उपचार चालू राहिले. चार वर्षांनी पहिल्या गावांत डिमेन्शियाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी निघालं. हे २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आलं आहे. गोळ्यांनी मेंदू सुकत असता तर आकडा उलटा यायला हवा होता.

आणि अचानक बंद करणं तर आणखी वाईट. बीपीच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. बीटा-ब्लॉकर जातीची गोळी एका दिवसात सोडली तर नाडी आणि बीपी उसळी मारतात, हृदयविकार असलेल्याला त्याने झटकाही येऊ शकतो. हे ग्रुपवर कोणी लिहीत नाही, कारण फॉरवर्ड करणाऱ्याला पुढचं निस्तरायचं नसतं.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. म्हाताऱ्या माणसांना कधी कधी डोस जास्त होतो हे खरं आहे. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, मग बाथरूममध्ये पडणं, डोक्याला मार. तसं होत असेल तर बसून आणि उभं राहून बीपी मोजा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा, ते डोस कमी करतील. डोस कमी करणं वेगळं आणि डबीत गोळ्या साठवणं वेगळं.

‘शुगरची गोळी मेंदू संपवते’

इथेही एक धागा खरा आहे, म्हणूनच चीड जास्त येते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की शरीरात बी-१२ कमी शोषलं जातं, आणि बी-१२ फार कमी झालं की विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात. आमच्यासारख्या शाकाहारी घरात ते मुळातच कमी. मग उपाय काय? रक्त तपासा, कमी असेल तर बी-१२ घ्या. गोळी बंद करून साखर तीनशेवर नेणं हा उपाय नव्हे. मधुमेहाने स्वतःच डिमेन्शियाचा धोका वाढतो. उलट टोकही वाईट: जेवण चुकवून इन्शुलिन घेऊन साखर वारंवार खाली आदळणं मेंदूला चांगलं नाही. त्यामुळे सत्तरीपुढच्या माणसासाठी साखरेचं लक्ष्य थोडं सैल ठेवायचं का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

कोलेस्टेरॉल आणि खोबरेल तेल

‘मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो’ म्हणे. शरीरातलं साधारण पाव कोलेस्टेरॉल मेंदूत असतं, इथपर्यंत ठीक. पण मेंदू ते स्वतः बनवतो, रक्तातलं कोलेस्टेरॉल तिथे शिरत नाही. त्यामुळे रक्तातलं कमी केलं म्हणून मेंदूचं कमी होत नाही. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर काहींना डोकं जड वाटल्याच्या तक्रारी आहेत, गोळी बदलल्यावर त्या जातातही. पण ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ जणांवर चाचणी झाली तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांची बुद्धी औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त घसरली नाही.

खोबरेल तेलाने डिमेन्शिया टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. त्यातली ऐंशी टक्क्यांहून अधिक चरबी संतृप्त असते आणि ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. सोलकढी प्या, भाजीवर ओलं खोबरं घाला, कोणी हात धरलेला नाही. पण चमच्याने तेल पिऊन वर स्टॅटिन बंद करायची, हे दोन्ही बाजूंनी नुकसान झालं.

‘मशीनने कान आळशी होतो’

सारखा हाताशी ठेवावा असा एक दस्तऐवज आहे: ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल. त्यात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत. त्यातली सगळ्यात वजनदार दोन म्हणजे मध्यमवयात कमी होत जाणारं ऐकू येणं आणि वाढलेलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. एकूण डिमेन्शियातला प्रत्येकी ७ टक्के वाटा या दोघांचा. म्हणजे मेसेजने नेमकी तीच दोन कारणं उचलून उलटा सल्ला दिला आहे. मुद्दाम बसून लिहिलं तरी इतकं जमलं नसतं.

आत्याचं मशीन शोकेसच्या खणात, जुन्या ब्लाउजपिसात गुंडाळलेलं, सेल मेलेला. फोनवर कशालाही ‘हो हो’ म्हणते. गडकरीला नाटक बघणं सोडलं, ‘काय बोलतात ते कळतच नाही’. ऐकू येईनासं झालं की माणूस चार माणसांत जाणं टाळतो, आणि एकटं पडणं हे त्याच अहवालातलं वेगळं कारण आहे, ५ टक्क्यांचं. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका चाचणीत मशीनचा फायदा सरसकट सगळ्यांत दिसला नाही, हेही सांगते. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली.

बाकीचं

अल्युमिनियमची भांडी: जुनी शंका, पक्कं काही सिद्ध झालेलं नाही. कुकर बदलायचा तर बदला. शब्दकोडं: सोडवा, नुकसान नाही, पण दिवसभर खुर्चीत बसून कोडं सोडवण्यापेक्षा तलावपाळीला दोन फेऱ्या मारून ओळखीच्यांशी भांडलेलं बरं.

गंमत म्हणजे तंबाखू, मिश्री, दारू, न चालणं, वाढलेलं पोट, उपचार न घेतलेलं नैराश्य, न काढलेला मोतीबिंदू यातलं काहीही त्या मेसेजमध्ये नाही. हवेचं प्रदूषणही नाही. अहवालात ते आहे, ३ टक्के. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना त्यावर काय सांगणार, खिडक्या लावून बसा?

‘कधीच होणार नाही’

नाही हो. अहवालातली १४ च्या १४ कारणं जगातून नाहीशी केली तरी साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबणीवर पडेल असा अंदाज आहे. उरलेला वयाने, जनुकांनी आणि अजून न उलगडलेल्या कारणांनी होणारच. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे असा अभ्यास आहे. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यभर पथ्य पाळलं असेल. ‘नियम पाळले असते तर झालं नसतं’ असं त्यांच्या घरच्यांना ऐकवू नका.

राहिला काढा. विसरायला होण्यामागे थायरॉइड असतो, बी-१२ असतं, नैराश्य असतं, पडल्यावर कवटीखाली साचलेलं रक्त असतं. कधी झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी असते. यातलं बरंचसं वेळेत पकडलं तर सुधारतं. काढ्यात सहा महिने घालवले तर ती वेळ जाते. ‘पण नैसर्गिक आहे ना?’ असं एका काकांनी ग्रुपवर विचारलं. काका, धोत्राही नैसर्गिक आहे, आणि त्याने माणूस भ्रमिष्ट होतो.

ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला त्यांनी आता तो गुपचूप डिलीट करू नये. ज्यांनी वाचून गोळ्या सोडल्या त्यांना डिलीट केलेलं कळत नाही. त्याच ग्रुपवर लिहा: मेसेज चुकीचा आहे, गोळ्या बंद केल्या असतील तर आज डॉक्टरांना फोन करा.