बंद पडलेलं घड्याळ

माझ्या दोन घड्याळांपैकी जे बरोबर चालतं, ते बंद पडलंय असं अख्खी सांगली मला सांगत असते. दुसरं बहुतेक वेळा चुकीची वेळ दाखवतं, आणि त्याला मात्र मान आहे.

चालणारं म्हणजे क्वार्ट्झ क्रोनोग्राफ, सासरहून आलेलं. एका डायलमध्ये तीन बारक्या डायल, चावीच्या वर-खाली एकेक बटण. मधला लांब काटा सेकंदाचा, असा जगाचा समज. तो असतो स्टॉपवॉचचा. बटण दाबेपर्यंत बारावर सावधानमध्ये उभा. खरा सेकंदकाटा खालच्या बारक्या डायलमध्ये इमानेइतबारे चालतो. पण तो बघायला चष्मा लागतो आणि सल्ला द्यायला लागत नाही. विश्रामबागच्या चौकात, बँकेच्या रांगेत, कुठेही: "काका, घड्याळ बंद पडलंय तुमचं." पूर्वी मी समजावत बसायचो, की आतला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, महिन्याकाठी फार तर पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडतो. माणूस सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "सेल बदला की ओ." हल्ली मी गुपचूप वरचं बटण दाबतो. काटा पळायला लागतो, सल्लागार खूश.

या घड्याळाच्या कडेला वेग मोजायचे आकडे आहेत. किलोमीटरच्या दगडाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडाशी थांबवायचं. 45 सेकंद लागले तर काटा 80 वर, म्हणजे ताशी 80 किलोमीटर. सांगली-मिरज रस्त्यावर रिक्षात बसून मी हे करून पाहिलं. आकडे संपतात 60 वर, कारण तिथे काट्याची एक फेरी पुरी होते. आमची रिक्षा पुढच्या दगडाशी पोचली तेव्हा काटा तिसऱ्या फेरीला लागला होता. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "चालू झालं व्हय आता?"

दुसरं घड्याळ ऑटोमॅटिक, पाणबुड्यांचं. धाकट्या भावाने दुबईहून आणलं. डायलवर लिहिलंय 200 मीटर. कोयना धरणाची उंची 103 मीटर. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, निम्मं गाव पाण्यात होतं. या घड्याळाच्या हिशेबाने ती सतरा-साडेसतरा मीटर, म्हणजे नुसती ओल. मला पोहता येत नाही. आंघोळीला जाताना मी ते काढून ठेवतो.

त्याचं बाहेरचं, गेलेली मिनिटं मोजायचं कडं एकाच बाजूला फिरतं. पाण्याखाली धक्का लागून सरकलंच, तर गेलेली मिनिटं जास्त दिसावीत आणि माणूस लवकर वर यावा, म्हणून. आमच्याकडे त्यावर भात लावला होता. दाराला हात घासला, कडं सरकलं, पाणबुड्या वाचला, भात कच्चा राहिला. "दोनशे मीटर म्हणे," बायको पातेलं पुन्हा गॅसवर ठेवत म्हणाली.

ऑटोमॅटिकला सेल नसतो. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते. काढून ठेवलं की साधारण 40 तासांत गडी झोपतो. मग तारीख लावायची. ती रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान लावायची नाही, तारखेचे दाते तेव्हा अडकलेले असतात. पण झोपलेल्या घड्याळाचे नऊ सकाळचे की रात्रीचे? ते कळायला काटे फिरवत तारीख पालटेपर्यंत जायचं. बाहेर रिक्षावाला हॉर्न देतोय, आत मी मध्यरात्र शोधतोय.

परवा तसंच घालून लग्नाला गेलो. हिसक्यांनी ते जागं झालं आणि आदल्या दिवशी जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागलं, खऱ्या वेळेच्या पाऊण तास मागे. हॉलमध्ये बायकोचे मामा भेटले. सेल बदलायचा सल्ला गेल्या महिन्यात त्यांनीच दिला होता. माझा हात त्यांनी उजेडाकडे धरला. सेकंदकाटा टकटक न करता तेलावरून सरकल्यासारखा फिरत होता. "आता कसं! याला म्हणायचं घड्याळ," म्हणत त्यांनी स्वतःचं घड्याळ त्यावर लावून घेतलं. मी "अहो मामा, थांबा" म्हणेपर्यंत ते वळले होते. "मुहूर्त 12 वाजून 25 मिनिटांचा, लई वेळ आहे अजून," असं सांगत त्यांनी आणखी चौघांना चहाला बाहेर नेलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा आत मामाच्या जागेवर उभं राहायला मामा नव्हते, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.