दुधाचा थेंब आणि आझाद मैदान

आमच्या पेणच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक वर्गमित्र आहे. ठाण्यात असतो, चांगल्या पगाराच्या नोकरीतून निवृत्त झालाय. २०२४ च्या फेब्रुवारीत आशाताई मानधनवाढीच्या जीआरसाठी आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या होत्या, तेव्हा त्याने गटावर लिहिलं होतं, ‘देशासाठी थोडं फुकट केलं तर काय बिघडतं या बायकांचं? इस्रायलकडे बघा. तिकडे बायका खांद्याला बंदूक लावून देश उभा करतात.’ परवा पुन्हा मानधनाचा विषय निघाला आणि त्याने तोच मजकूर जसाच्या तसा चिकटवला. खाली नऊ अंगठे.

मी इस्रायलमध्ये राहते. एकोणतीस वर्षं झाली. पहिल्यांदा तो मजकूर आला तेव्हा माझा धाकटा मिलुईममध्ये, म्हणजे राखीव सैनिकांच्या सेवेत, होता. पंधरा दिवसांनी एकदा घरी आला की बूट ममादच्या, म्हणजे घरातल्या बॉम्बपासून वाचायच्या खोलीच्या, दाराशी काढायचा. ते बूट मी उचलायची नाही, ओलांडून जायची. ज्याच्या घरात असे बूट पडलेले नाहीत त्याने मला बंदुकीचं कौतुक सांगू नये.

देश कुणी उभा केला हेच बघायचं असेल तर हेन्रिएटा सोल्डकडे बघावं. आमच्या गटावर हे नाव कुणी ऐकलेलंही नव्हतं. हर्झल माहीत, बेन गुरियन माहीत, मोसादच्या तर सगळ्या कथा तोंडपाठ. १८६० साली अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये एका रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, घरात जन्मलेली ही बाई. रशियातून जीव वाचवून आलेले ज्यू अमेरिकेत उतरायला लागले तेव्हा १८८९ मध्ये तिने त्यांच्यासाठी रात्रशाळा काढली. पुढे तेवीस वर्षं तिने एका ज्यू प्रकाशन संस्थेत भाषांतरं केली, संपादन केलं, मुद्रितं तपासली. पद मात्र होतं सेक्रेटरीचं. न्यूयॉर्कच्या धर्मपीठात तिला शिकायला घेतलं ते ‘रब्बी होण्याचा हट्ट धरणार नाही’ या अटीवर. काम पुरुषाएवढं आणि नाव मदतनिसाचं. आशाताईला सरकार कर्मचारी म्हणत नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणतं, आणि म्हणून पगार देत नाही, मानधन देतं. शब्द बदलला की पैसे वाचतात, ही युक्ती तिकडेही होती आणि आपल्याकडेही आहे.

१९०९ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती आईला घेऊन पॅलेस्टाइन बघायला आली. याफा या बंदराच्या गावात त्या दोघींनी मुलांच्या डोळ्यांभोवती घोंगावणाऱ्या माश्या बघितल्या. खुपरीने कित्येकांची दृष्टी जात होती. मग त्या एका मुलींच्या शाळेत गेल्या, तर तिथे डोळे स्वच्छ. समोरच्याच मुलांच्या शाळेत मात्र डोळे चिकटलेले. फरक एवढाच, की मुलींच्या शाळेत डॉक्टर आणि नर्स नेमाने येत होते. न्यूयॉर्कमध्ये सोल्डचं बायकांचं एक अभ्यासमंडळ होतं. आई तिला म्हणाली, निबंध वाचत बसण्यापेक्षा तुझ्या मंडळाने हे काम करावं. त्या मंडळातूनच १९१२ मध्ये पुरीम सणाच्या सुमारास हदासा ही संघटना निघाली. पुढच्याच वर्षी तिने दोन नर्सेस यरुशलायिमला, म्हणजे जेरुसलेमला, धाडल्या. तिथल्या मेआ शेअरीम वस्तीत एक घर घेऊन त्या कामाला लागल्या. हत्यार म्हणाल तर डोळ्यांत घालायचं औषध.

१९१८ मध्ये चाळीसेक डॉक्टर-नर्सेसचं पथक आलं आणि नर्सेसची शाळा निघाली. १९२० मध्ये एकोणसाठाव्या वर्षी सोल्ड स्वतः इथे येऊन राहिली. १९२१ मध्ये यरुशलायिममध्ये आई-बाळांसाठी टिपात हलाव नावाचं पहिलं केंद्र उघडलं. ‘दुधाचा थेंब’ हा त्याचा अर्थ. निर्जंतुक केलेलं दूध बाटल्यांत भरायचं, बाटल्या बर्फात ठेवायच्या आणि गाढवावर लादून घरोघर पोचवायच्या. येणारी बाई ज्यू की अरब हे विचारायचं नाही. आणि दवाखाना चालता झाला की गावाच्या हवाली करायचा, आपण पुढचं काम धरायचं. जमाखर्च, इतिवृत्त, वर्गण्या, नेमणुका, यातच त्या बाईचं आयुष्य गेलं. संघटन म्हणतात ते हेच. वर्गमित्राला ते दिसत नाही, कारण त्याचा व्हिडिओ होत नाही.

माझी मोठी मुलगी झाली तेव्हा मला हिब्रूत ‘ताप’सुद्धा म्हणता येत नव्हतं. टिपात हलावमधल्या मोरोक्कन नर्सने तिला वजनकाट्यावर ठेवलं, पातळ पिवळ्या कार्डावर आकडा लिहिला आणि बोटांनी मला तीनदा दाखवला, माझ्या लक्षात येईपर्यंत. त्या नर्सला महिन्याला पगार होता, रजा होती, पुढे पेन्शनही. आणि फुकट देशसेवेचं म्हणाल, तर २०२० च्या जुलैत ऐन कोरोनात इथल्या नर्सेस मनुष्यबळ वाढवून मागत संपावर गेल्या होत्या आणि दिवसभरातच सरकारला करार करावा लागला. त्यांना देशद्रोही म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. आपल्या आशांना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कार दिला. तेव्हा याच गटावर तिरंगे उधळले होते.

गटावर एक पुण्याची मैत्रीणही आहे. ती ‘झायनिस्ट’, म्हणजे ज्यूंचा स्वतःचा देश हवा म्हणणारे, हा शब्द शिवीसारखा वापरते. मी सोल्डचं नाव काढल्यावर तिने तेवढंच विचारलं, ‘झायनिस्टच ना ती?’ होय, हाडाची झायनिस्ट. १९२७ मध्ये ती झायनिस्ट कार्यकारिणीवर निवडून आली, शिक्षण आणि आरोग्य तिच्याकडे होतं. १९४२ मध्ये मॅग्नेस आणि बुबर या विचारवंतांबरोबर तीच ‘इहूद’ या गटात होती आणि म्हणत होती, की अरबांशी जुळवून घेऊन दोघांचं मिळून एक राज्य व्हावं. तिच्याच हदासाच्या बायकांना ते रुचलं नाही. मलाही ते सगळं पटतं असं नाही, २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या हमासच्या हल्ल्यानंतर तर अजिबातच सांगता येत नाही. पण सोल्ड शेवटपर्यंत त्या मतावरून हलली नाही. एका शब्दात तिला बसवायला जाल तर ती बसत नाही, एवढंच मला दोघांनाही सांगायचं होतं.

नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनीतली मुलं बाहेर काढायची कल्पना बर्लिनच्या रेखा फ्रायरची. सोल्ड आधी नाही म्हणाली होती, मग तिनेच ते काम अंगावर घेतलं. १९३४ च्या फेब्रुवारीत पहिला जथा हैफाला उतरला तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची होती आणि मुलांना घ्यायला बंदरावर उभी होती. १९४३ मध्ये तेहरानहून आलेली पोलंडची पोरकी मुलं तर कराचीवरून, म्हणजे आपल्या तेव्हाच्या हिंदुस्थानावरून, जहाजाने सुएझला आणि तिथून रेल्वेने आली. ती सारी तिच्याच पदरात पडली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. १९४५ मध्ये ती गेली, त्या हिब्रू पंचांगातल्या ‘श्वात’ महिन्याच्या तिथीला इथे मातृदिन पाळायचे, आता त्याला कुटुंबदिन म्हणतात. माझ्या मुलांनी बालवाडीत त्या दिवशी केलेली कागदी फुलं अजून कपाटात आहेत.

हे सगळं मी गटावर लिहिलं. लांबलचक झालं असेल. उत्तर आलं, ‘तू तर देश सोडून गेलीस. तुला काय अधिकार?’

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याला आमचे पूर्वज लागले म्हणतात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणाने आम्हाला शनवार तेली म्हटलं. तिथे कुणी आम्हाला परकं म्हटलं नाही. इथे आल्यावर म्हटलं. १९५२ मध्ये आमच्यातली शंभरावर माणसं सत्याग्रह करून मुंबईला परत गेली, आणि त्यातली बरीच पुढे पुन्हा इथेच आली. साठच्या दशकात इथल्या रब्बींनी लग्नाला उभं राहणाऱ्या आमच्या माणसांची कुळं तपासायला घेतली, तेव्हा माझ्या सासूबाई यरुशलायिमला धरणं धरून बसल्या होत्या. त्या सांगायच्या, ‘उघड्यावर बसलो आम्ही. मराठीतून घोषणा दिल्या, कुणाला कळल्या नाहीत.’ मैदानात बसलेल्या बायकांची बाजू मी का घेते, ते यात आलं.

सोल्डच्याही मनात परत अमेरिकेला बहिणींकडे जायचं पुन्हा पुन्हा येई. दर वेळी नवं काम समोर ठाकायचं. मलाही निवृत्त झाल्यावर पेणला जायचं होतं. आईसाठी.

आई २०२१ च्या मेमध्ये गेली. इथल्या सरकारने तेव्हा भारतात जायला बंदी केली होती. मी एका वृद्धाश्रमात काम करते. आई गेली त्या सकाळी मी एका पोलिश आजीचे केस विंचरत होते, आणि त्याचा मला ताशी पगार मिळत होता. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, कोण म्हणणार? १९१६ मध्ये सोल्डची आई गेली तेव्हा एका स्नेह्याने तिच्या वतीने कद्दीश म्हणायची तयारी दाखवली होती. तिने आभार मानून नकार दिला. माझ्या आईला आठ मुली झाल्या, मुलगा नाही याची तिला कधी उणीव वाटली नाही, मीच म्हणेन, असं तिने कळवलं. ते पत्र मी तेव्हा वाचलं आणि प्रार्थनाघरात बायकांच्या बाजूला उभी राहून अकरा महिने कद्दीश म्हटलं. पहिल्या आठवड्यात आवाजच फुटत नव्हता.

आईच्या शेवटच्या दोन महिन्यांत रोज दारात यायची ती आमच्या आळीतली आशाताई. ऑक्सिमीटर लावायची, आकडा मला पाठवायची, गोळ्या दिल्या का ते शेजारणीला विचारायची. नंतर मी फोनवर तिला म्हटलं, ‘ताई, या भेटींचे तुला किती मिळतात गं?’ ती म्हणाली, ‘आमच्या रजिस्टरात गरोदर बाईचा रकाना आहे, बाळाचा आहे, लसीचा आहे. तुमच्या आईचा नाही.’ मी पैसे पाठवते म्हटलं तर तिला आवडलं नाही. थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुमच्यात फुलं वाहतात का? मी सोनचाफा नेला होता, पण तिथले कुणी म्हणाले, ज्यू लोक दगड ठेवतात.’ मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी फोटो आला. भोगावती नदीतला गुळगुळीत काळा गोटा, आणि त्याच्या शेजारी तिने फूलही ठेवलेलं होतं.