फासळ्या दिसल्या म्हणजे घोडा उपाशी? फिरत्या मेसेजला उत्तर

डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर एक मेसेजही येतो. त्याचं सार असं: फासळ्या दिसतात तो घोडा उपाशी, मान जाड, अंग गोल आणि पोट भरलेलं असेल तर निगा उत्तम, आणि बारीक घोडा दिसला तर त्याला लगेच हरभरा-गूळ खाऊ घाला. लिहिणाऱ्याला जनावराचा कळवळा आहे, यात शंका नाही. पण शेवटच्या सल्ल्याने घोडा दगावू शकतो, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी फासळ्या. अमेरिकेत टेक्सासमध्ये डॉन हेनेके यांनी १९८३ साली घोड्याच्या अंगावरची चरबी १ ते ९ गुणांत मोजायची पद्धत मांडली. आज ती जगभर वापरतात. तिच्यात सहा जागा तपासतात: मान, मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा, खांद्यामागचा भाग, फासळ्या, कंबर आणि शेपटीचं मूळ. फासळ्या ही त्यातली फक्त एक जागा. ५ गुणांच्या घोड्याच्या फासळ्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. ४ गुणांच्या घोड्याच्या पुसट दिसतात, आणि तोही उपाशी नसतो. शर्यतीच्या किंवा लांब पल्ल्याच्या घोड्यात हे नेहमीचंच आहे. पाठीचे मणके वर आलेत, पुठ्ठ्याची हाडं टोकदार दिसतात, शेपटीचं मूळ उघडं पडलंय, मान बसलीय, असं सगळं एकत्र दिसलं तर मात्र घोडा खरोखर खंगलाय.

फोटोवरून हे ठरत नाही, हात लावावा लागतो. स्वतःची मूठ वळा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. फासळ्या तशा टोचल्या तर घोडा बारीक. मूठ उघडून हाताच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवा. तसं लागलं तर ठीक. तळहातासारखं मऊ लागलं आणि हाड शोधावं लागलं तर चरबी जास्त. रोज खरारा करणाऱ्या मोतद्दाराला हे तपासायला एक मिनिटही लागत नाही.

आता जाड मानेचं कौतुक. आयाळीखाली टणक, उभा वळ आला असेल तर तो बहुतेक वेळा ताकदीचा नसून चरबीचा असतो. वळूघोड्यांची मान मुळातच थोडी भरलेली असते, हे मान्य. पण घोडी किंवा खच्ची केलेल्या घोड्याच्या मानेवर असा वळ दिसला तर रक्तातलं इन्सुलिन बिघडलं असण्याची शंका घ्यावी. इन्सुलिन सतत चढं राहिलं की खुराच्या आतल्या हाडाला खुराच्या भिंतीशी धरून ठेवणारे पापुद्रे कमकुवत होतात. हा लॅमिनायटिस. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो, वळताना कचरतो. वेदना भयंकर असतात, आणि पुष्कळ घोडे त्यानंतर कामाचे राहत नाहीत. लग्नाच्या वरातीत ज्या गुबगुबीत घोडीचं सगळे कौतुक करतात, तिच्याबद्दल मला म्हणूनच काळजी वाटते.

पोटाचं थोडक्यात: सुटलेलं पोट म्हणजे चरबी नव्हे. निकृष्ट, जाडाभरडा चारा मोठ्या आतड्यात जास्त वेळ राहतो आणि पोट लोंबतं. शिंगराच्या बाबतीत जंतही असू शकतात. पोट मोठं आणि वर फासळ्या उघड्या, असा घोडा कुपोषितही असू शकतो.

आणि तो हरभरा-गूळ. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम दाणा किंवा गूळ दिला की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं, आणि खायला मिळाल्यानंतर काही दिवसांत घोडा मरू शकतो. त्याला आधी पाणी द्या, मग चांगलं वाळलेलं गवत, शक्यतो लसूणघास, थोडं थोडं आणि दिवसातून अनेकदा. आणि पहिल्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. त्यांच्याकडून दातही तपासून घ्या. म्हाताऱ्या घोड्याच्या तोंडातून अर्धवट चावलेले गवताचे गोळे खाली पडत असतील, तर चारा कितीही टाकला तरी तो त्याच्या अंगी लागत नाही.