खुलासा: फॉर्म्युला वनची गाडी कॉम्प्युटर चालवत नाही

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय की फॉर्म्युला वनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच फिरू न देणारी यंत्रणा) आणि एबीएस (ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हेच सगळं सांभाळतात, चालक नुसता स्टिअरिंग धरतो. साफ चूक. दोन्हींवर 1994 मध्ये बंदी आली. ट्रॅक्शन कंट्रोल 2001 मध्ये परतलं, 2008 मध्ये सर्व संघांना एकच ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) देऊन पुन्हा बंद झालं. आता वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की मागची चाकं जागीच फिरतात. ब्रेक जास्त लागला की पुढचं चाक लॉक होतं, टायर एकाच जागी घासून सपाट होतो आणि गाडी हादरत राहते. मागच्या चाकांना 2014 पासून ब्रेक-बाय-वायर (ब्रेकचा जोर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठरवणारी यंत्रणा) आहे खरं, पण ते हायब्रिड गाडीची इलेक्ट्रिक मोटर जे ब्रेकिंग करते त्याच्याशी मेळ घालायला. गोंधळ बहुधा जीटी3 या स्पोर्ट्स कारच्या वेगळ्या शर्यतींमुळे झाला असावा. तिथे ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस दोन्ही चालतात. आणि हो, आपल्याकडच्या सुट्या खडीच्या रस्त्यावर एबीएस असलं तरी गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं.