कॉन्टेसा की स्टँडर्ड २०००? फरक बॉनेटखाली आहे

परवा कोल्हापुरात एका गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ऐंशीच्या दशकातली स्टँडर्ड २००० मोटार उभी दिसली. तासभर माझा पाय तिथून निघेना. धूळ पुसली तर बॉनेटपासून मागच्या काचेपर्यंत एकच सलग उतरती रेघ. हे अंग इंग्लंडच्या रोव्हर एसडी१ मोटारीचं, १९७६ची, १९७७ साली युरोपात 'कार ऑफ द इयर' ठरलेली. तेच अंग मद्रासला १९८५मध्ये स्टँडर्डच्या नावाने तयार होऊ लागलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, पत्रा वाजवून बघा, अजून खणखणीत हाय."

आता माझं स्पष्ट मत. दिसायला स्टँडर्ड २००० उजवी, अगदी निर्विवाद. तिच्यापुढे हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा म्हणजे ७२च्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर या इंग्लिश गाडीचा चौकोनी साचा. पण गाडी म्हणून मी कॉन्टेसाच घेईन, आणि तीसुद्धा १.८ लिटरच्या जपानी इसुझू इंजिनवालीच.

कारण बॉनेट उघडल्यावर कळतं. इंग्लंडातल्या एसडी१मध्ये साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन होतं, १५५ हॉर्सपॉवरचं. आपल्याकडे त्या जागी बसवलं १९९१ सीसीचं चार सिलिंडरचं स्टँडर्डच्याच जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या घराण्यातलं इंजिन. त्याच घराण्याचं इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरलाही होतं! ताकद ८०च्या आसपास. इंजिन टिकाऊ होतं, पण चाळीसच्या दशकातलं. पेट्रोल पिणारं आणि वेग घ्यायला नाखूश. रोव्हरच्या अंगाला ते शोभणारं नव्हतंच. १९८८च्या सुमारास गाडीचं उत्पादनच थांबलं.

कॉन्टेसाची सुरुवातही अशीच होती, हे विसरू नका. १९८४मध्ये तिला अँबेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, जेमतेम ५० हॉर्सपॉवर. गाडी साधारण १२०० किलोची, म्हणजे प्रत्येक घोड्यामागे २४ किलोचं ओझं. पण हिंदुस्तान मोटर्सने इसुझूचा हात धरला. १८१७ सीसी, ८८ हॉर्सपॉवर, पाच गिअर. ओझं १४ किलोच्या खाली आलं आणि गाडीचा स्वभावच बदलला. (कुर्ल्याच्या प्रीमियरनेही ११८ एनई गाडीला निसानचं इंजिन दिलं होतं. त्या काळात शहाणपण जपानकडूनच येत होतं.) कॉन्टेसा २००२पर्यंत निघत राहिली, ती या एका निर्णयावर.

मामांची १.८ आता माझ्याकडे आहे. पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर ती घरघर न करता ओढते, मागे तीन माणसं आणि भरलेली डिकी असली तरी. दार लावताना येणारा तो जड 'धप्प' आवाज मला आजच्या कुठल्याच गाडीत ऐकू येत नाही.

म्हणूनच त्या शेडमधल्या गाडीचं वाईट वाटतं. तिला इसुझूसारखं एखादं इंजिन मिळालं असतं तर कॉन्टेसाला घाम फुटला असता. बऱ्याच स्टँडर्डमध्ये लोकांनी पुढे डिझेल बसवलं. मालकांनी ही मात्र मूळ इंजिनासकट उभी करायची ठरवली आहे. काम झालं की मिस्त्री फोन करणार आहेत. मग दोन्ही गाड्या एकाच दिवशी खंबाटकीला.