बाबांच्या बैठकीला उंच पडलेले स्टँड: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला आणि काल दुकान उघडल्यावर दोन्ही कारागिरांना वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय की वडिलांसाठी आमच्याकडून स्पीकर ठेवायच्या चोवीस इंची स्टँडची जोडी आणि टर्नटेबल-ॲम्प्लिफायरसाठी तीन खणांचा रॅक घेतला, पण गाणं डोक्यावरून जातं आणि तंबोरा पातळ लागतो असं बाबा म्हणतात. रेकॉर्ड लावून आवाज वाढवला की खोली घुमायला लागते. स्टँडच्या टोकांनी फरशीवर ओरखडे पडले. आणि एवढ्या पैशांत इंदूरच्या कुठल्याही सुतारानं दोन रॅक करून दिले असते. म्हणून पाचपैकी एकच स्टार.

यातल्या दोन चुका सरळ आमच्या आहेत, एक निम्मी आमची आहे. पैशांबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे, तेही लिहितो.

आधी उंचीचं, कारण खरी गफलत तिथेच झाली. चोवीस इंच म्हणजे ६१ सेंटीमीटर. हा सोफ्यावर बसणाऱ्या माणसाचा आकडा. सोफ्यावर कान जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटीमीटरवर येतो, आणि मध्यम आकाराचा स्पीकर ६१ च्या स्टँडवर ठेवला की त्याचा ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर देणारा छोटा भोंगा, बरोबर कानासमोर येतो. म्हणून हीच उंची सगळीकडे सर्रास विकली जाते आणि आम्हीही तीच तुमच्या पुढे केली. बाबा कशावर बसून ऐकतात, हे कुणी विचारलंच नाही. काल फोनवर तुम्ही टेप लावून मोजून सांगितलंत तेव्हा कळलं, की ते खाली गादीवर, लोडाला टेकून ऐकतात आणि त्यांचा कान ६८ सेंटीमीटरवर आहे. तुमच्या स्पीकरचा ट्वीटर तळापासून ३१ वर. स्टँड ६१, खालची टोकं ३. बेरीज ९५. म्हणजे ट्वीटर बाबांच्या कानापेक्षा २७ सेंटीमीटर वर, आणि अंतर जेमतेम दोन मीटर.

बाबांच्या कानात काही कमी नाही, ते अगदी बरोबर ऐकतायत. अशा स्पीकरमध्ये खालचे स्वर ट्वीटरच्या खालचा मोठा भोंगा, वूफर, देतो, वरचे ट्वीटर, आणि मधला एक पट्टा, बहुतेक स्पीकरांत दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा, दोघं मिळून सांभाळतात. कान समोर असला तर दोघांचा आवाज जुळून येतो. कान बराच खाली गेला की ट्वीटरकडून येणारा रस्ता वूफरपेक्षा लांब पडतो, लहरी एकमेकींना खोडतात आणि नेमका तोच पट्टा विरळ होतो. शिवाय अगदी वरचे स्वर ट्वीटर सरळ समोर फेकतो, खाली कमी. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, जगते ती या वरच्या स्वरांशांवर. ते गेले की तारा वाजतात, पण तंबोरा भरत नाही. बाबांकडे अमीर खाँसाहेबांच्या तबकड्या आहेत असं तुम्ही सांगितलंत. इतकं संथ गाणं, मंद्रात इतका वेळ रमणारं, आणि त्यामागचा तंबोराच भरलेला नाही, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

उपाय सोपा आहे. ६८ वजा ३१ म्हणजे ३७. टोकांसकट तुमचा स्टँड ३७ सेंटीमीटरचा हवा. आमच्या स्टँडचा खांब वरच्या आणि खालच्या पत्र्याला बोल्टनं जोडलेला असतो, त्यामुळे खांब कापून परत बसवता येतो. तो आम्ही आमच्या खर्चानं करून देऊ. तोवर एक करा: दोन्ही स्पीकर उलटे करून, ट्वीटर खाली घेऊन ठेवा. तुमचा स्पीकर ३८ सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे उलटा केल्यावर ट्वीटर स्टँडच्या वरच्या पत्र्यापासून ७ वर येईल आणि जमिनीपासून ७१ वर. कानाच्या जवळजवळ समोर. स्पीकरला यानं काही होत नाही. आज रात्रीच करून पाहा आणि बाबांना तंबोरा कसा लागतो ते विचारा.

ओरखड्यांबद्दल वाद नाही. अणकुचीदार टोकं असतात ती गालिच्याच्या आरपार जाऊन खालच्या पक्क्या जमिनीवर टेकण्यासाठी. गुळगुळीत फरशीवर त्यांच्याखाली पितळी वाट्या द्यायच्या असतात. त्या आठ वाट्या आमच्या खोक्यात भरायच्या राहिल्या. फरशीचा जो खर्च येईल तो आमचा. तुम्हाला हवं तर टोकं काढून रबरी पाय लावून देतो, फरशीवर तेही चांगलं काम करतात.

आता घुमण्याचं. आमच्या मुलानं तुम्हाला ‘या रॅकवर कंपन शून्य’ असं सांगितलं होतं. ते त्यानं सांगायला नको होतं. असा रॅक नसतो. स्पीकरमुळे हवा आणि जमीन थरथरते, ती थरथर सुईपर्यंत पोचते, सुई ती पुन्हा ॲम्प्लिफायरकडे पाठवते, तिथून परत स्पीकरमधून येते आणि हे चक्र वाढत जातं. तुमच्या फोटोत रॅक कोपऱ्यात, डाव्या स्पीकरला जवळजवळ चिकटून आहे. खोलीतला खर्जाचा जोर कोपऱ्यात सर्वात जास्त असतो. रॅक तिथून काढून बाजूच्या भिंतीच्या मध्याकडे घ्या, आणि रेकॉर्ड वाजताना टर्नटेबलचं झाकण काढून ठेवा. ते पातळ प्लास्टिक पडद्यासारखं आवाज झेलतं.

फरक पडला का हे तपासायलाही युक्ती आहे. मोटर बंद ठेवा, थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवा, आवाज अगदी खालपासून हळूहळू वाढवा आणि रॅकच्या फळीवर बोटानं टकटक करा. स्पीकरमधून धबधब मोठी येत असेल तर जागा चुकलीय. आणि सुई उचलल्यावरही बारीक गुणगुण तशीच राहिली, तर ते घुमणं नव्हे. ती बहुधा विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतले स्वर. टर्नटेबलच्या कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, सिग्नल साधारण चार-पाच मिलिव्होल्टचाच असतो. लगेच खालच्या खणात ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याची गुणगुण सहज त्यात शिरते. मग ॲम्प्लिफायर सगळ्यात खालच्या खणात न्या, पण वर दहा सेंटीमीटर मोकळे राहतील असं बघा, तो तापतो. (राजवाड्याभोवतीच्या जुन्या घरांत लाकडी मजले आहेत, तिथे पावलागणिक सुई उडते. अशा घरांना मी रॅक विकतच नाही, टर्नटेबलसाठी भिंतीतली फळी सांगतो. तुमचा स्लॅब आहे, तो प्रश्न नाही.)

राहिले पैसे. सुतार निम्म्यात करून देईल हे खरं आहे, आणि चांगलाही करू शकतो. ज्यांना करून घ्यायचा असेल त्यांनी मापं घ्या: बहुतेक उपकरणं ४३ सेंटीमीटर रुंद असतात, म्हणून आतून ५० ते ५५ ठेवा. रॅकची पुढून मागची खोली उपकरणापेक्षा आठ-दहा सेंटीमीटर जास्त, नाहीतर मागे तारा मुडपतात. पाठ उघडी ठेवा. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, घेऊ नका, आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते आणि खालच्या कडा पाणी पिऊन फुगतात. फळीची जाडी वाचवू नका. तुम्हाला दिलेली फळी २५ मिलिमीटर प्लायची आहे. १८ च्या तुलनेत तिचा ताठपणा अडीच पटींहून जास्त आहे, कारण तो जाडीच्या घनानं वाढतो. उलट फळीची लांबी ६० ची ९० केली तर त्याच वजनाखाली ती तिपटीहून जास्त लवते. एका रॅकमध्ये टीव्ही, पुस्तकं आणि टर्नटेबल मावावं म्हणून लोक लांब रॅक मागतात, तेव्हा मी हेच सांगतो.

आणि स्टँडची नळी पोकळ नाही. बोटानं वाजवून पाहा, रिकामी नळी टण्ण करते, तुमची ठप्प बोलते. आत नर्मदेची वाळू आहे, बारीक चाळलेली आणि कढईत भाजून कोरडी केलेली. ओली राहिली तर नळी आतून गंजते, म्हणून एका जोडीच्या वाळूला आमचा अर्धा दिवस जातो. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि पत्र्याची थरथर तिथेच जिरते. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे मी लावतो आणि लावत राहीन. खांब कापताना ही वाळू काढून, परत भाजून भरू.

रविवारी सकाळी तुम्हाला चालत असेल तर मी स्वतः येतो. वाट्या आणीन, रॅक हलवायला हात लावीन आणि दुपारी स्टँड घेऊन जाईन, बुधवारपर्यंत परत मिळतील. कापण्याआधी एकदा माझ्या टेपनं मोजायचंय. बाबांना सांगा, मी मोजताना ताठ बसू नका. एखादी तबकडी लावून, रोजच्यासारखे लोडाला टेकून बसा.